स्वस्तातली एअर मॅट्रेस: निवडायची कशी, टिकवायची कशी

गडावरच्या मुक्कामात पाठीची खरी परीक्षा घेतो तो कातळ. मंदिराच्या ओट्यावर किंवा गुहेत कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळून नेायची फोमची चटई, टाकून उताणं झोपणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. कुशीवर झोपणाऱ्याचा मात्र खांदा आणि कमरेचं हाड पहाटेपर्यंत ठणकायला लागतं. एअर मॅट्रेस आहे ती याच माणसासाठी. दीड हजारापासून साडेतीन हजारांपर्यंत आज ज्या गाद्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच गाद्या सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालू शकतात. त्या फसतात त्या दोनच कारणांनी: एक तर त्या थेट जमिनीवर अंथरल्या जातात, दुसरं म्हणजे फक्त हवेनं भरलेली गादी थंडी अडवेल असं धरून चाललं जातं. दोन्हींवर उपाय एकच आणि तोही स्वस्त, खाली एक पातळ कॅरीमॅट. गादीचं बजेट ठरवताना या कॅरीमॅटचे तीन-चारशे रुपये आधीच बाजूला काढा. ते वाचवून महागडी गादी घेण्यात अर्थ नाही.

आधी ठरवा, हवी आहे का

एका रात्रीचा ट्रेक, पंधरा-वीस जणांचा ग्रुप आणि मुक्काम गडावरच्या मंदिरात, तेही शनिवारी, असं असेल तर एअर मॅट्रेस घरीच ठेवा. गर्दीत रात्रभर कोणी ना कोणी उठतं, अंधारात बूट घालून अंथरुणावरून जातं. तिथं १० मिलिमीटरची कॅरीमॅट बरी. तिच्यावर कोणी पाय दिला काय आणि ठिणगी पडली काय, ती झोपायच्या लायकीची राहतेच.

तुमचा स्वतःचा टेंट आहे, सलग दोन-तीन मुक्काम आहेत, कुशीवर झोपायची सवय आहे किंवा कमरेचं दुखणं आहे, तर मात्र जरूर घ्या. चांगल्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशीची उतराई वेगळीच होते. दमलेल्या, न झोपलेल्या पायांचा तोल उतारावर जातो, म्हणून या खर्चाला चैन म्हणू नये.

दोन्हींच्या मधला पर्याय म्हणजे आत स्पंज असलेली, व्हॉल्व्ह उघडला की स्वतःहून अर्धीअधिक फुगणारी गादी. ती अडीच-तीन सेंटिमीटर जाड असते, थंडी बऱ्यापैकी अडवते आणि पंक्चर झाली तरी खाली थोडा स्पंज उरतो. पण वजन पाऊण किलोच्या पुढं जातं आणि गुंडाळल्यावरही ती सॅकमध्ये बरीच जागा खाते. हिवाळ्यात बाइकवर किंवा गाडीनं जाऊन पायथ्याशी कॅम्प करणाऱ्यांना ती उत्तम. पाठीवर सगळं वाहून नेणाऱ्यांनी हवेची गादी आणि कॅरीमॅट ही जोडीच घ्यावी.

कापड

पहिली चाळणी इथंच लावा. पीव्हीसीची गादी ट्रेकसाठी घेऊ नका. ती ओळखायला सोपी असते: नव्या रेनकोटसारखा उग्र वास, हाताला रबरी लागणारा पृष्ठभाग आणि किलोच्या वर वजन. घरी पाहुणे आले की जमिनीवर टाकायला ती ठीक. थंडीत पीव्हीसी कडक होतं आणि घडी पडते त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा दुमडून चिरतं.

हवं ते नायलॉन किंवा पॉलिएस्टर, आणि त्याला आतून टीपीयूचा, म्हणजे हवा धरून ठेवणाऱ्या लवचिक प्लास्टिकचा, थर दिलेला. कापड किती दणकट हे डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. २० डेनियरचं कापड तळहातावर घेतलं तर जवळजवळ जाणवत नाही. ते कमी वजनाच्या महागड्या गाद्यांना वापरतात आणि त्या गाद्या सांभाळून वापरणाऱ्यांसाठीच असतात. आपल्याकडच्या काट्याकुट्यांत खालच्या बाजूला किमान ४० डेनियर असावं, ७०-७५ मिळालं तर सोन्याहून पिवळं. वरच्या बाजूला ३० चाललं तरी हरकत नाही. अशी गादी ५०० ते ७०० ग्रॅम भरते. विक्रेता डेनियर सांगतच नसेल आणि वजन ३५० ग्रॅम लिहून किंमत मात्र दीड हजार लावत असेल, तर कापड पातळ आहे असंच समजा.

माप

इथं बरेच जण फसतात. ऑनलाइन विक्रीत रुंदी बहुतेक वेळा न फुगवलेल्या, सपाट गादीची दिलेली असते. हवा भरली की गादीतल्या हवेच्या नळ्या गोल होतात आणि रुंदी कमी होते. कागदावरचे ६० सेंटिमीटर प्रत्यक्षात ५३-५४ निघू शकतात. खांदे रुंद असतील किंवा रात्री कूस बदलायची सवय असेल, तर फुगवल्यानंतर किमान ५५ सेंटिमीटर हवी. दोघांच्या टेंटमध्ये दोन गाद्या टाकायच्या असतील तर आधी टेंटची आतली रुंदी टेपनं मोजा. दोघांचे बरेच टेंट १३० सेंटिमीटरच्या आसपास असतात आणि भिंती आतल्या बाजूला कललेल्या असतात. मोठी गादी भिंतीला चिकटते आणि पहाटे टेंटच्या कापडावर जमलेलं दव तुमच्या स्लीपिंग बॅगेवर उतरतं.

लांबीतही तसंच. जोडलेली उशी असलेल्या गादीची लांबी उशी धरून लिहितात. १९० सेंटिमीटरमधले २५-३० उशीत गेले की सहा फुटी माणसाच्या टाचा जमिनीवर येतात. त्यात ती उशी हलवता येत नाही. साधी गादी घ्या, उशाला स्लीपिंग बॅगेच्या पिशवीत जॅकेट कोंबा. मान हवी त्या उंचीवर ठेवता येते.

जाडी उताणं झोपणाऱ्याला ५ सेंटिमीटर पुरते, कुशीवर झोपणाऱ्याला ६ ते ८. त्याहून जाड घेऊ नका. फुगवायला जास्त हवा, जास्त हेलकावे, आणि दमल्यावर ते नकोसं होतं.

व्हॉल्व्ह

कापडाइतकंच लक्ष व्हॉल्व्हकडे द्या. जुन्या पद्धतीची फिरवून बंद करायची तोटी साधी आणि टिकाऊ असते, पण तोंड काढल्यावर ती फिरवेपर्यंत फुंकलेली हवा परत येते. त्यापेक्षा चपटा, रुंद तोंडाचा, आत सिलिकॉनची पडदी असलेला व्हॉल्व्ह घ्या. पडदी हवा एकाच दिशेनं आत सोडते, त्यामुळे मध्ये दम घेता येतो. आणि दुसरं मोठं झाकण उघडलं की सकाळी गादी दोन सेकंदांत रिकामी होते. पडदी दुकानातच बोटानं तपासा: ती सपाट बसली पाहिजे, कडेला मुडपलेली नको. व्हॉल्व्ह जिथं कापडाला जोडलाय ती गोल पट्टी नखानं हलकेच उचलून बघा, सुटी वाटली तर ती गादी ठेवून दुसरी मागा.

पायानं दाबून फुगवायचा पंप गादीतच बसवलेला असतो, तो अनेकांना आवडतो. दोन-तीन मिनिटांत काम होतं हे खरं. पण त्यामुळे वजन वाढतं, व्हॉल्व्ह एकाऐवजी दोन होतात, आणि पंपाच्या आत जो स्पंज असतो तो एकदा ओला झाला की लवकर वाळत नाही. बजेट गादीत बिघडण्याची जागा जितकी कमी तितकं बरं.

आर-व्हॅल्यू

जमिनीकडे जाणारी उष्णता गादी किती अडवते याचं माप म्हणजे आर-व्हॅल्यू. २०१८ साली एएसटीएम एफ ३३४० हे मोजण्याचं एकच मानक आलं. त्याआधी जो तो आपापल्या पद्धतीनं मोजायचा. वेष्टनावर या मानकाचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा. उल्लेख नसेल आणि निव्वळ हवेच्या स्वस्त गादीवर ४ किंवा ५ छापलेलं असेल, तर तो आकडा सोडून द्या. एक अंदाज असावा म्हणून: क्लायमिट कंपनीची स्टॅटिक व्ही ही जगभर खपणारी बजेट गादी, तिची आर-व्हॅल्यू १.३ आहे. आत काहीही न भरलेल्या गादीकडून तेवढंच मिळणार.

यामागचं कारण साधं आहे. गादीतली हवा मोकळी असते. वरची अंगानं तापते, खालची दगडानं गार होते. तुम्ही हललात की दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि गारवा वर येतो. कॅरीमॅटमध्ये हवा लहान लहान बंद पेशींत अडकलेली असते, ती हलूच शकत नाही. म्हणून १० मिलिमीटरची कॅरीमॅट ६ सेंटिमीटरच्या हवेच्या गादीची बरोबरी करते. स्लीपिंग बॅगेवर भिस्त ठेवू नका. तिचा अंगाखाली दबलेला भाग चेपलेला असतो, त्यात हवा उरत नाही आणि ऊबही.

आर-व्हॅल्यूंची थेट बेरीज होते ही यातली सोयीची गोष्ट. १.३ ची गादी आणि दीडच्या आसपासची कॅरीमॅट मिळून पावणेतीनच्या पुढं जातात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सह्याद्रीत, अगदी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पारा दहाच्या खाली गेला तरी एवढ्यावर निभतं. हिमालयात उन्हाळी ट्रेकला, जिथं रात्री पारा शून्याच्या आसपास असतो, तिथं बेरीज ३ च्या वर हवी. केदारकंठासारख्या ट्रेकला डिसेंबर-जानेवारीत बर्फावर झोपायचं असेल तर साडेचार-पाच. तिथं स्वस्त हवेच्या गादीला एका कॅरीमॅटची जोड पुरणार नाही, दोन-तीन लागतील. नाहीतर आयोजक ज्या जाड मॅट देतात त्यावर आपली गादी टाका.

घरी आणल्यावर

पार्सल फोडल्या दिवशीच गादी फुगवा. परत करायची मुदत संपल्यावर कळलेली गळती निरुपयोगी. घट्ट फुगवा, व्हॉल्व्ह बंद करा, संध्याकाळी खोलीत ठेवा, सकाळी बघा. थोडी मऊ झाली तर लगेच गळतेय असं समजू नका. तोंडानं फुंकलेली हवा ३४ अंशांच्या आसपास असते, ती खोलीच्या तापमानाला आली की आकसते. अर्ध्या तासानं एकदा वरून हवा भरा आणि मग रात्रभराची चाचणी धरा. त्यानंतर एक रात्र प्रत्यक्ष तिच्यावर झोपा, फरशीवर, खाली कॅरीमॅट टाकून. वजन पडल्याशिवाय बारीक गळती दिसत नाही. सकाळी कंबर जमिनीला टेकलेली नसेल तर गादी पास.

याच वेळी किती फुंका लागतात ते मोजून ठेवा. १८३ बाय ५६ बाय ६ सेंटिमीटरच्या गादीत, वरचं-खालचं कापड जोडणाऱ्या मधल्या जोडांची जागा वजा जाता, ४५ ते ५० लिटर हवा बसते. एका दमदार फुंकेत दोन-सव्वादोन लिटर जातात, म्हणजे वीस-पंचवीस फुंका. गड चढून आल्यावर एका दमात एवढं केलं तर गरगरतं, उंचीवर तर नक्कीच. पाच-सहा फुंकांनंतर थांबा.

त्यापेक्षा चांगली सवय म्हणजे पिशवीनं हवा भरणं. गादीसोबत पंप बॅग मिळाली तर उत्तम, नाहीतर कचऱ्याची ३०-४० लिटरची जाड काळी पिशवी घ्या. तिच्या तळाच्या एका कोपऱ्याला बोट जाईल एवढं छिद्र पाडा. ते व्हॉल्व्हवर ओढून बसवा आणि रबरबँडचे तीन-चार घट्ट वेढे द्या. पिशवीचं तोंड उघडून एकदा झटका, ती हवेनं भरते. तोंड पिळून बंद करा आणि छातीशी धरून दाबत न्या. अशा तीन-चार भरतींत गादी फुगते. याचा खरा फायदा दम वाचण्यापेक्षा मोठा आहे: श्वासातला ओलावा आत जात नाही. तो आत साठला की काही महिन्यांत गादीच्या आत काळी बुरशी धरते, व्हॉल्व्ह उघडला की कुबट वास येतो, आणि आतून ती साफ करायचा मार्ग नाही.

मुक्कामाच्या जागी

गादी सॅकमधून काढायच्या आधी जागा साफ करा, आणि ते काम डोळ्यांवर सोडू नका. आधी बुटाच्या कडेनं खडे-काटक्या सारून घ्या. मग टॉर्च जमिनीवर आडवी ठेवून प्रकाश अगदी सपाट सोडा. वरून टाकलेल्या उजेडात न दिसणारा बोराचा काटा आडव्या उजेडात बोटभर लांब सावली टाकतो. शेवटी तळहात सावकाश फिरवा. करवंद, बोर, बाभूळ, हिवर, निवडुंग, घायपात यांपैकी काही आजूबाजूला असेल तर वाळलेले काटे जमिनीत असणारच, पाचोळ्याखाली तर हमखास. पाचोळा मऊ लागतो म्हणून त्यावर अंथरू नका, तो सारा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणखी एक वैरी असतो, कुसळ. गवत वाळलं की कुसळं पायमोज्यांत, पँटच्या शिवणीत, स्लीपिंग बॅगेच्या कापडात रुतून बसतात. त्याचं टोक सुईसारखं असतं आणि मागच्या केसांमुळे ते एकाच दिशेनं, पुढंच सरकतं. गादीच्या वरच्या बाजूला, जिथं काही टोचायचं कारणच नाही अशा ठिकाणी बारीक छिद्रं पडतात त्यामागं पुष्कळदा हेच असतं. झोपायच्या आधी पायमोजे आणि ट्रेक पँट बदला, स्लीपिंग बॅग उलटी करून झटका.

आता अंथरायचा क्रम. खाली टेंटचा तळ किंवा ताडपत्री, त्यावर कॅरीमॅट, त्यावर एअर मॅट्रेस. उबेचा विचार केला तर कॅरीमॅट वर घातली काय, खाली घातली काय, बेरीज तीच. पण काट्यापासून वाचवते ती खाली असली तरच. जागा उताराची असेल तर डोकं चढाकडे. आडव्या उतारावर झोपलात तर रात्रभर एका बाजूला घसरत राहाल, हवेची गादी उताराला कॅरीमॅटपेक्षा जास्त घसरते.

कड्यावर वारा असेल तर फुगवलेली गादी एक क्षणही मोकळी सोडू नका. अर्धा-पाऊण किलोचं ते पानासारखं उडतं. टेंटमध्ये नेऊनच फुगवा. बाहेर फुगवायचीच असेल तर एका टोकावर सॅक ठेवा. उडालेल्या गादीमागं कड्याच्या दिशेनं अंधारात धावण्याचा प्रसंग येऊच देऊ नये.

संध्याकाळी पोचल्या पोचल्या गादी तीन-चतुर्थांश फुगवून ठेवा आणि स्वयंपाकाला लागा. रात्र पडली की तोंडानं भरलेली हवा थंड होते. ३४ अंशांची हवा १० अंशांवर आली की ८ टक्के आकसते, म्हणजे ५० लिटरमधली चार लिटर गायब. दोन फुंकांचा फरक. म्हणून शेवटचं फुगवणं झोपायच्या वेळी करायचं. रात्री अकराला मऊ झालेली गादी बघून पंक्चर शोधत बसणाऱ्यांपैकी पुष्कळांची गादी धडधाकट असते.

दाब ठरवायची रीत अशी: आधी टणक होईपर्यंत भरा. मग झोपायच्या पद्धतीनंच आडवे व्हा, कुशीवर तर कुशीवर. हात मागं नेऊन व्हॉल्व्ह किंचित दाबा, हवा थोडी थोडी सोडत राहा. कंबर हळूहळू खाली बसते. मधूनच दुसरा हात गादीखाली, कमरेच्या हाडाच्या बरोबर खाली सरकवा. हाड आणि जमीन यांत दोन-तीन सेंटिमीटर जागा जाणवत असेल तिथं थांबा. टणक गादीवर माणूस चेंडूसारखा हलतो, घसरतो, आणि कापडाचा करकर आवाज शेजाऱ्यालाही झोपू देत नाही. दाब थोडा कमी असला की आवाजही जातो आणि जोडांवरचा ताणही.

गादीवर बसून बूट घालू नका, खिशातल्या किल्ल्या आणि पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. टाच रोवून उठायची सवय असेल तर ती गादीच्या बाहेर. चूल किंवा शेकोटीपासून चार-पाच मीटर लांब राहा. वाऱ्यानं आलेली एक ठिणगी नायलॉनला क्षणात भोक पाडते आणि त्याची कड वितळलेली असते म्हणून पॅचही नीट बसत नाही. डास पळवायचं क्रीम डीटयुक्त असेल तर ते लावून लगेच गादीवर झोपू नका. डीटनं काही प्लास्टिक आणि लेप मऊ पडतात. आणि गादीवर बसून फरसाण खाऊ नका. गडांवरच्या गुहांत आणि मंदिरांत उंदीर असतात, सांडलेल्या शेवेचा माग ते रात्री काढतातच.

पंक्चर

गादी खरोखर गळतेय असं वाटलं तर पहिला संशय व्हॉल्व्हवर घ्या. कापडापेक्षा तो तपासायला सोपा, आणि स्वस्त गाद्यांत दोष तिथंच निघण्याची शक्यता बरीच. झाकण उघडून पडदीखाली वाळूचा कण, केस किंवा गवताची काडी आहे का बघा. ओल्या रुमालाच्या टोकानं पुसून परत बंद करा. वर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा, बुडबुडा आला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये नाही.

मग कापड. गादी घट्ट फुगवा, शांत जागी न्या आणि ओल्या ओठांसमोरून, गालाजवळून सावकाश फिरवा. बारीक गळतीचा गारवा ओठांना आधी कळतो. खालची बाजू आणि कडा आधी. सापडलं नाही तर डब्यात थोडं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब फेसून स्पंजनं किंवा रुमालानं एकेक हातभर भाग पुसत जा. छिद्रावर पांढऱ्या बारीक बुडबुड्यांची माळ उठते. लगेच बॉलपेननं भोवती गोल काढा, पाणी वाळलं की ती जागा पुन्हा दिसत नाही.

एक कळकळीची विनंती: गडावरच्या टाक्यात गादी बुडवू नका. त्यातली बरीच टाकी पिण्याच्या पाण्याची असतात, मार्चनंतर तर तेच गडावरचं शेवटचं पाणी असतं. साबणाचं पाणीही टाक्यापासून लांब टाका.

दुरुस्ती करताना हवा पूर्ण काढा. हवा बाहेर येत असताना लावलेला पॅच कधीच बसत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या स्पिरिट स्वॅबनं छिद्राभोवती पाच सेंटिमीटर पुसा, वाळू द्या. घाम आणि तेलकट हात यामुळेच बहुतेक पॅच सुटतात. टीपीयूचा चिकटपट्टीचा पॅच छिद्राच्या सगळ्या बाजूंनी अडीच सेंटिमीटर जाईल एवढा कापा, कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आधी उचलतो. मधून बाहेर दाबत लावा आणि चमच्याच्या पाठीनं दोन मिनिटं घोटा. मग सपाट ठेवून वर सॅक ठेवा, तासभर हवा भरू नका. घरी गेल्यावर त्यावर पॉलियुरेथेनचा लवचिक गोंद कडेनं पातळ लावून रात्रभर वाळू दिला की ते काम कायमचं होतं. सुईच्या टोकाएवढ्या छिद्राला तर त्या गोंदाचा एक थेंबच पुरतो.

सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी असतं, टीपीयूवर ते धरत नाही. सुपरग्लू आणि एम-सीलसारखं मळून लावायचं मिश्रण वाळल्यावर काचेसारखं कडक होतं, गादी दुमडली की तडकतं, आणि त्याचा थर नंतर खऱ्या पॅचला चिकटू देत नाही. घाईत ते लावण्यापेक्षा रात्रीपुरती मोकळी कॅरीमॅट बरी.

एका दोषावर इलाज नाही. गादीच्या आतले वरच्या-खालच्या कापडाला जोडणारे जोड सुटले की तिथं फुगवटा येतो, शेजारचे जोडही एकेक करून उसवतात. वॉरंटीत असेल तर लगेच परत करा. हा दोष बहुतेक वेळा उन्हामुळे ओढवतो. सकाळी टेंट आवरताना फुगवलेली गादी कातळावर उन्हात ठेवली जाते. २० अंशांची हवा ५० अंशांवर गेली की बंद जागेत दाब सुमारे १० टक्के चढतो. आकडा लहान वाटतो, पण तो वातावरणाचा दाब धरून आहे. गादीत वातावरणापेक्षा जास्तीचा दाब मुळात अगदी थोडाच असतो, त्यामुळे जोडांवरचा ताण कितीतरी पटींनी वाढतो. उठल्याबरोबर व्हॉल्व्ह उघडायचा, मग चहा.

आवरताना आणि घरी

हवा गेली की गादी लांबीत तीन घड्या करून सॅकच्या रुंदीएवढी करा. व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाकडून गुंडाळत, गुडघ्यानं दाबत व्हॉल्व्हकडे या. एकदा हवा काढून झाल्यावर व्हॉल्व्ह बंद करा, उलगडा आणि दुसऱ्यांदा गुंडाळा. दुसऱ्या वेळी ती निम्म्या जाडीत बसते. दर वेळी घडी नेमक्या त्याच रेघेवर घालू नका. गादी सॅकच्या आत, मधोमध ठेवा. बाहेर लटकवलेली गादी करवंदीच्या पहिल्याच जाळीत फाटते. बाहेर लटकवायची ती कॅरीमॅट.

घरी आल्यावर सौम्य साबणाच्या पाण्यानं, व्हॉल्व्ह घट्ट बंद करून, मऊ फडक्यानं पुसा. वॉशिंग मशीन नको. सावलीत वाळवा, मग झाकण उघडं ठेवून आतली हवा एक-दोन दिवस खेळू द्या. तोंडानं फुंकायची सवय असेल तर पंप बॅगनं कोरडी हवा भरून काढायचं हे दोनदा करा. गुंडाळून पिशवीत कोंबून सहा महिने माळ्यावर टाकलेली गादी घड्यांवर चिकटते. तिला पलंगाखाली सपाट पसरा किंवा कपाटात सैल टांगा, व्हॉल्व्ह उघडा ठेवून. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून हवा द्या. ऑक्टोबरात पहिल्या मुक्कामाला जायच्या आठवडाभर आधी एक रात्र फुगवून ठेवा आणि पॅचच्या पाकिटातला स्पिरिट स्वॅब वाळून कागद झालेला नाही ना, तेही बघून घ्या.